तीर्थ आणि जीवन

गेल्या वर्षी भाच्याकडे आयर्लंडला जाण्याचा योग आला. तो कॉर्क शहरात नोकरी करतो. एका रविवारी, ‘मामा, आज दिवसभर माझ्याबरोबर,’ असे म्हणत त्याने मला वीसेक किलोमीटरवरच्या मिडलटन गावी नेले. तिथे १८२५ पासूनची व्हिस्कीची भट्टी जुन्या दगडी इमारतींसह जपून ठेवली आहे. जगातले सर्वांत मोठे म्हणून ओळखले जाणारे, सुमारे १ लाख ४० हजार लिटर मावेल असे तांब्याचे पात्र तिथे मी पाहिले. पिंपांतून वर्षाकाठी जी व्हिस्की हवेत उडून जाते, तिला तिथले लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात हेही ऐकले. फेरी संपल्यावर प्रत्येकाच्या हाती एक छोटा पेला आला. मी नालवाडीचा मनुष्य. साठी उलटेपर्यंत त्या पदार्थाला ओठ लावला नव्हता. भाच्याने, ‘राहू द्या, मामा,’ म्हणून पेला घेण्यास हात पुढे केला. मी मात्र एक घोट घेतला, आणि का घेतला हे त्याला सांगितले नाही.

व्हिस्की हा शब्द ‘इश्का बाहा’ या आयरिश शब्दजोडीवरून आला. अर्थ, जीवनाचे पाणी. हे ऐकून मला अमरकोश आठवला. तिथे पाण्याच्या पर्यायी नावांत ‘जीवन’ आहे. आपण मात्र दारूला चेष्टेने ‘तीर्थ’ म्हणतो. दोन्ही भाषांना या द्रवाला पावित्र्याचे नाव द्यावेसे वाटले. कारणे मात्र निराळी असावीत.

या हिवाळ्यात भाचा आणि सूनबाई घरी आली, तेव्हा त्या रविवारची परतफेड करावी असे मनात आले. पण दाखवणार काय? सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आमचा वारसा म्हणजे त्यागलेल्या गोष्टींचा वारसा. तरी निघालो.

सुरुवात नालवाडीतूनच केली. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर पोट भरता येते का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या देहावर केला. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालयही इथलेच. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचा तो उद्योग होता. आता वर्धा शहर वाढत नालवाडीला येऊन भिडले आहे. गल्लीतून जाताना भाच्याने मोटारीची काच खाली केली. ‘आजोबांचे घर कुठले?’ मी बोट दाखवले आणि मोटार पुढे घ्यायला सांगितले.

मगनवाडीत थांबलो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांनी इथून चालवले. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. सूनबाई चरखे पाहण्यात रमली. मी भाच्याला नीरेची गोष्ट सांगितली. शिंदीच्या झाडाला रात्री मडके बांधायचे, आतून चुना फासायचा आणि उजाडण्यापूर्वी ते उतरवायचे. मग ती नीरा. तिचा गूळही करता येतो; गजानन नाईकांनी ताडगुळाच्या कामाला आयुष्य दिले. चुना विसरला आणि ऊन चढू दिले, तर त्याच रसाची शिंदी होते. झाड तेच, रस तोच. मिडलटनला तीन वर्षे तरी लाकडी पिंपात मुरल्यावाचून व्हिस्कीला व्हिस्की म्हणता येत नाही. इथे सूर्य वर येण्याच्या आत सारे ठरून जाते.

सेवाग्रामात आदिनिवास आणि बापूकुटी पाहून पवनारला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. १९३८ मध्ये विनोबा आजारी अवस्थेत इथे आले. जमीन खणताना त्यांना भरत-राम भेटीचे शिल्प सापडले. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे मांडले होते. धाम नदीच्या काठी आम्ही तिघे बसलो. तिथे सूनबाईने सहज विचारले, ‘मामा, आजोबा कशाने गेले?’

घरातले ठरलेले उत्तर ‘काविळीने’ असे आहे. गेली पस्तीस वर्षे मी ते देत आलो. त्या दिवशी ते ओठांवर आले नाही. ‘दारूने,’ मी म्हणालो. ‘दारूबंदीच्या जिल्ह्यात, दारूने.’ नाल्याच्या आडोशाला मडक्यांत मोहाचा सडवा असे. अधूनमधून पोलीस तो ओतून देत, आठवड्याभरात नवी मडकी लागत. वडील अंधारात जात आणि अंधारातच येत. बंदी असल्यामुळे त्यांचे पिणे गुन्हा होते, आणि गुन्हा असल्यामुळे त्याला आजार म्हणून वैद्यापुढे नेण्याची आईची हिंमत झाली नाही. गांधी-विनोबांच्या अंगणात राहून आपल्या घरी हे, ही लाज निराळी.

बंदी उठवावी असे मी म्हणत नाही. दारूमुळे उंबऱ्याआड मार खाल्लेल्या बायांनी गावोगाव बंदीसाठी रेटा लावला आहे. त्यांच्यापुढे असे बोलण्याचा मला अधिकार नाही. पण कॉर्कच्या भरस्त्यात फादर मॅथ्यूंचा १८६४ मध्ये उभारलेला पुतळा आहे. १८३८ पासून त्यांनी लाखो आयरिश माणसांना दारू सोडण्याची शपथ दिली. ज्या परगण्यात ते तांब्याचे पात्र मिरवते, त्याच परगण्यात हा पुतळाही उभा आहे. तिथले लोक दोन्ही गोष्टी पाहुण्याला दाखवतात. आम्ही चरखा दाखवतो आणि नाला लपवतो.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणून तुम्ही तो घोट घेतलात?’ मी मान हलवली. वडिलांना ज्याने नेले, ते काय होते हे एकदा जिभेवर कळावे, एवढेच होते. चांगले लागले, हे मी त्याला सांगितले. ते सांगणे काविळीचे खोटे सोडण्याहून जड गेले.

परतताना नालवाडीत त्या घरासमोर मीच मोटार थांबवायला सांगितली.