फेसलेली मोहरी

गेल्या आषाढात आमच्या घरातून लोणच्याची बरणी हद्दपार झाली. हुकूम डॉक्टरांचा होता. अंमलबजावणी मी केली. हुकूम काढणारा एक असतो, बजावणारा दुसरा असतो आणि शिव्याशाप नेहमी बजावणाऱ्याला मिळतात, हे ठाऊक असूनही मी ते काम अंगावर का घेतले, याचे मला अजून नवल वाटते.

झाले असे. आई सकाळी मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालीत असताना तिला घेरी आली. पडली नाही, वृंदावनाला धरून खाली बसली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १९०, खालचा ११०. तो ऐकून मीच खुर्चीत बसलो. आई मात्र, "रात्री डास फार होते, झोप लागली नाही, त्याचं आहे हे," असे डॉक्टरांना समजावून सांगत होती. डॉक्टर तरुण होते, पण तयारीचे होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग आईकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, "मीठ कमी. दिवसाकाठी सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सपाट. लोणची, पापड, फरसाण बंद. सॅलड भरपूर खाऊ द्या."

हा पाच ग्रॅमचा दंडक त्यांच्या पदरचा नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, त्याने रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो. हे सारे मला पटले आणि पटलेली गोष्ट ताबडतोब अमलात आणण्याचा माझा स्वभाव नसतानाही त्या रात्री मी ती आणली. आई झोपल्यावर फडताळातली बरणी उचलली आणि शेजारच्या वहिनींकडे नेऊन दिली. "त्यांना विचारा तरी," असे पत्नी दोनदा म्हणाली होती. मी म्हणालो, "विचारलं तर देतील का?" हे तर्कशास्त्रदृष्ट्या बिनचूक होते.

बरणी साधीसुधी नव्हती. वरून तपकिरी, खाली पांढरी, चिनी मातीची, पाच शेर कैरी सहज मावेल एवढी. ती आईच्या आईची. आणि आत होते त्या सालचे लोणचे. ज्येष्ठात घातलेले, नुकते कुठे मुरू लागलेले. सकाळी आईने फडताळ उघडले. बरणीच्या जागी कागदावर तेलाचे एक गोल वर्तुळ तेवढे उरले होते. तिने ते पाहिले, फडताळ लावले आणि काही बोलली नाही.

ती पुढचे अकरा दिवस काही बोलली नाही. म्हणजे माझ्याशी. "त्याला सांग, त्याचा चहा गार होतोय," अशा स्वरूपाचे निरोप मला नातीमार्फत पोचत असत. भांडणाचे एक बरे असते, त्यात आपल्यालाही बोलता येते. अबोल्यात ती सोय नाही. त्यातून तिचे जेवण तुटले. अर्धी भाकरी, चार घास भात, वाटीभर बिनमिठाचे ताक. विचारले तर नातीलाच उत्तर, "भूक नाही." डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले होते, इथे अन्नच कमी झाले. आई आधीच किडकिडीत. थोड्याच दिवसांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मला भीती वाटू लागली.

मी शब्दांचा माणूस. तेवीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. संकटात माणूस आपल्या हत्याराकडे वळतो, तसा मी व्युत्पत्तीकडे वळलो. जेवताना ताटाकडे पाहत म्हणालो, "गंमत बघा, अळणी हा शब्द 'अलवण' पासून आला. लोणच्यातले लोण म्हणजेही लवण. फार काय, लावण्य हा शब्दसुद्धा लवणावरूनच. म्हणजे सौंदर्यालाही मीठ लागतं. आणि डॉक्टर जे सॅलड खा म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतलं मीठच आहे. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं. मीठ बंद करा आणि मीठ लावलेलं खा, असा तो सल्ला झाला." पत्नी हसली. मुलगी मोबाइलमध्ये होती. आई नातीला म्हणाली, "त्याला म्हणावं, भाजी वाढून घे." वर्गातली मुले निदान हजेरीसाठी तरी ऐकतात.

तोवर आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे कोशिंबिरी चालू केल्या होत्या. कोशिंबीर आम्हांला परकी नाही. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आईचे लग्न झाले; आहेरात आलेली ती प्रत, पाने तेलकट होऊन पारदर्शक झालेली, अजून घरात आहे. पण कोशिंबिरीतले मीठ काढले की काय उरते ते आम्हांला तेव्हा कळले. दही, काकडी, दाण्याचे कूट, वर जिऱ्याची फोडणी. सारे जागच्या जागी, आणि तरी घास तोंडात नुसता फिरत राहतो. फायदा एकच झाला. मीठ काकडीतले पाणी ओढून काढते, ते नसल्यामुळे कोशिंबीर शेवटपर्यंत सैल झाली नाही. आई तिला 'वैरण' म्हणे.

आमची मुलगी चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. चाकण माझ्या लहानपणी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते: एक तिथला कांद्याचा बाजार आणि दुसरा १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने झुंजवणारा फिरंगोजी नरसाळ्यांचा किल्ला. पुढे कारखाने आले. २००९ साली फोक्सवागनने तिथे मोटारी बांधायला सुरुवात केली आणि पुणे-नाशिक रस्त्यावर जर्मन माणूस दिसला तर वळून पाहण्याचे लोकांनी सोडले. मुलीच्या कारखान्यातला एक सहकारी शिक्षणासाठी सहा महिने जर्मनीला राहून आला होता. तो डब्यात रोज कच्च्या भाज्या आणतो आणि त्यावर घरी केलेले काहीतरी ओततो. ते काहीतरी म्हणजे व्हिनेग्रेट. "बाबा, त्यात मीठ नसलं तरी चालतं, चव येते," ती म्हणाली आणि रविवारी तिने ते करायला घेतले.

कृती ऐकायला सोपी. तीन वाटे तेल, एक वाटा शिरका, थोडी मोहरीची पूड, मिरपूड, मधाचा थेंब. जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालायचे, झाकण लावायचे आणि हलवायचे. फ्रेंच भाषेत 'व्हिनेग्र' म्हणजे आंबलेली दारू, तिच्यावरून हे नाव आले, एवढी माझी भर. आईने शिरक्याचा वास घेतला आणि तोंड फिरवले. "इस्पितळाचा वास येतो." मग शिरक्याच्या जागी लिंबू आले. मुलीने बाटली मनगट दुखेपर्यंत हलवली. हलवीत होती तोवर आत पिवळसर ढग दिसत होता; ओट्यावर ठेवल्यावर दोन मिनिटांत तेल वर आणि लिंबाचे पाणी खाली. पुन्हा हलवली, पुन्हा तेच. संस्कृतात तेलाला स्नेह म्हणतात हे मला आठवले, पण मी बोललो नाही. अनुभवाने माणूस शहाणा होतो. चव पाहिली, तर लिंबू लागले, तेल लागले, मोहरी नावाला नाही.

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "अगं, अशी कोणी मोहरी घालतं का?" ती नातीला म्हणाली. "मोहरी फेसावी लागते. खल काढ."

लोणच्याच्या दिवसांनंतर प्रथमच खल खाली उतरला. आईने डब्यातली रोजची मोहरी चहाचे दोन चमचे घेतली, कोरडीच बारीक कुटली, मग माठातले गार पाणी तेवढेच घालून बत्त्याने घोटू लागली. मुलीने लिंबाचा रस पुढे केला, तशी आईने तिचा हात बाजूला सारला. "आत्ता नको. आधी मोहरीला चढू दे. लिंबू आधी पडलं की ती मेली." आणि खलावर ताटली झाकून ती दहा मिनिटे स्वस्थ बसली.

आईला रसायनशास्त्र येत नाही. महाविद्यालयातल्या आमच्या रसायनाच्या प्राध्यापकांना मी नंतर विचारले, तेव्हा तिचा शब्दन् शब्द शास्त्रशुद्ध निघाला. अख्ख्या मोहरीत तिखटपणा नसतोच. तिच्यात एक द्रव्य असते आणि त्याला फोडणारे एक विकर असते. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मोहरी कुटली आणि पाणी लागले की भिंती पडतात, दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारे ते तेज तयार होते. पाणी कढत असेल तर विकर मरते. आंबट आधी पडले तर त्याचे काम अडते. उलट तेज पुरते चढल्यावर आंबट घातले, तर ते टिकते. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकाला झोंबत नाही, ती याचमुळे. शिवाय मोहरीच्या सालीत एक बुळबुळीत अंश असतो, तो तेलाचे बारीक बारीक थेंब धरून ठेवतो. बाटलीतल्या पुडीला तेवढा अवसरच मिळाला नव्हता.

ताटली काढली आणि स्वयंपाकघरातल्या चौघांच्याही डोळ्यांत पाणी आले. आईने त्यात मोठा चमचाभर लिंबाचा रस घातला, गुळाचा खडा, मिरपूड. सगळे एका खोलगट पातेल्यात काढून ती छोट्या रवीने घुसळू लागली आणि नातीला म्हणाली, "तू तेल सोड. धार नाही, दोरा." घाण्याचे शेंगदाण्याचे तेल, लिंबाच्या तिप्पट. पण नातीचा हात कापे, दोऱ्याची धार होई. आईचाही हात थकला होता. चेहऱ्यावर घाम आला. तिने इकडेतिकडे पाहिले. मी दाराशी उभा होतो.

"अरे, नुसता बघत काय उभा राहिलास? धर ही."

मी रवी धरली. आईने तेलाची वाटी नातीच्या हातातून घेतली आणि माझ्याशेजारी बसून तेल सोडू लागली. "थांबू नकोस. तू थांबलास की तेल वर येणार." मी थांबलो नाही. "एवढ्या जोरात नको, ताक करायचं नाही आपल्याला." मी बेताने घुसळू लागलो. अकरा दिवसांचे राहिलेले बोलणे तिने त्या पाच-सात मिनिटांत सूचनांच्या रूपाने भरून काढले. हळूहळू पातेल्यातले ते पाणी दाट झाले, फिके पिवळे झाले, सायीसारखे रवीला धरून राहू लागले. ओट्यावर ठेवले. दोन मिनिटे झाली, दहा झाली. तेल वर आले नाही.

तोवर पत्नीने काकडी चोचवली होती, नारायणगावचे टोमॅटो, गाजर आणि चाकणचा कांदा चिरला होता, मोड आलेले मूग वाफवले होते. त्यावर हे ओतले. आईने पहिला घास घेतला. डोळे मिटले, नाक चोळले, पुन्हा डोळे उघडले. "झोंबलं," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. त्या दुपारी तिने एक पूर्ण भाकरी खाल्ली. मीठ नाही हे कोणी बोलले नाही. खरे म्हणजे मीठ हवेच होते. पण मोहरी नाकात शिरली की जिभेला तक्रार करायला क्षणभर सवड मिळत नाही.

या गोष्टीचा फार डंका पिटावा असे नाही. आश्विनात रक्तदाब पाहिला तेव्हा वरचा आकडा १४८ वर आला होता, पण त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, असे डॉक्टरांनी बजावले आणि ते खरे आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांच्या उपयोगाची म्हणून लिहितो. दुकानात मोहरीची तयार पेस्ट मिळते तिच्यात मीठ असते. वेळ वाचतो म्हणून ती आणली तर एका दाराने घालवलेले मीठ दुसऱ्या दाराने घरात येते. आणि तेल कितीही चांगले असले तरी ते तेलच, चौघांत मिळून तीन मोठे चमचे पुरे. हे मिश्रण आमच्याकडे फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवतात. नंतर त्यातली धार जाते, असे आई म्हणते. मुलीच्या कारखान्यात ते आता डब्यातून जाते आणि तो जर्मनीहून आलेला सहकारी त्याला 'आजी सॉस' म्हणतो. आईला हे नाव पसंत नाही.

पण मला सांगायचे होते ते त्या रविवारच्या संध्याकाळचे. दिवेलागणीला मी पडवीत पेपर तपासत बसलो होतो. आई बाहेर आली, पलीकडच्या खुर्चीवर बसली. थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली,

"बरणी कोणाकडे दिलीस?"

"शेजारच्या वहिनींकडे."

"मला विचारलं असतंस तर मीच दिली असती."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तर्कशास्त्र तर मुळीच आठवले नाही.

"लोणचं राहू दे त्यांच्याकडे," ती म्हणाली. "त्यांची पोरं खातील. बरणी तेवढी घेऊन ये."

मी गेलो. वहिनींनी लोणचे दुसऱ्या भांड्यात काढून घेतले, बरणी धुऊन, पुसून दिली. भांडे रिकामे परत करू नये म्हणून तिच्यात त्यांच्या शेतातले ओंजळभर शेंगदाणे घातले. मी बरणी दोन्ही हातांनी धरून आणली आणि आईपुढे ठेवली. तिने शेंगदाणे सुपात ओतले. बरणी मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवून कुठे टवका उडाला आहे का ते पाहिले. मग झाकण बाजूला ठेवून तिने तोंड बरणीत घातले आणि बराच वेळ ते बाहेर काढले नाही.