मागच्या सीटवरचा आवाज

"गाडी रडून राहिली," असे वडील पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आम्ही रामटेकहून परतत होतो. मनसरचे वळण संपले होते आणि नागपूरच्या सरळ रस्त्याला लागून मी नुकताच वेग वाढवला होता. 1989 सालची ती ॲम्बेसिडर वडिलांनीच घेतलेली आणि वर्षानुवर्षे त्यांनीच चालवलेली. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि स्वतः मागच्या सीटवर बसू लागले. मी क्षणभर कान दिला. काही ऐकू आले नाही. सांगायला संकोच वाटतो, पण माझे लक्ष आवाजाकडे नव्हतेच. ते 'रडून राहिली' या क्रियारूपाकडे गेले होते.

'करून राहिला', 'येऊन राहिली' ही रूपे नागपूर-वऱ्हाडकडच्या बोलीत चालू क्रिया दाखवतात. प्रमाण मराठीत जे काम 'रडत आहे' करते, तेच इथे 'रडून राहिली' करते. हिंदीतील 'रो रही है'शी असलेले तिचे नाते कोणालाही दिसावे. हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे, हेही ठासून सांगत आलो आहे. मात्र पुण्याहून डॉक्टरेट घेऊन परतलो त्या तरुण वयात मी घरी वडिलांची हीच रूपे हसत हसत दुरुस्त करीत असे. ते कधी चिडले नाहीत. माझ्याशी बोलताना फक्त जपून बोलू लागले, आणि जपून बोलणारा माणूस कमी बोलतो. म्हणून त्या दिवशी त्यांच्या तोंडून घरचे वाक्य निसटले, याचाच मला आनंद झाला. वाक्य मी ऐकले. त्यातली बातमी ऐकली नाही.

पुढच्या वर्षी वडील गेले. तोवर तो आवाज मलाही ऐकू येऊ लागला होता. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये आधी मागचे टायर बदलले, मग मागच्या चाकाचे बेअरिंग बदलले. बिले वाढली, आवाज तसाच. शेवटी तेथील व्यवस्थापकाने गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला. तो व्यवहारी होता, हे मान्य करायला हवे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बेसिडर बाहेर पडणे 2014 सालीच थांबले होते.

कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, "आवाज कधी येऊन राहिला सर? पाय दाबल्यावर, का सोडल्यावर?" मग विचारले, वळणावर वाढतो का? डांबरी सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर बदलतो का? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. माझ्या लेखी तो फक्त 'आवाज' होता. तेव्हा त्यांनी मला गाडी चालवायला सांगितले आणि स्वतः मागे जाऊन बसले. "ऐकायचं तर इथंच बसा लागते," ते म्हणाले. मागचा ॲक्सल त्या सीटखालीच असतो.

ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगीर डबा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर त्यांतले एक रस्त्यावर घासत जाईल. ही अडचण दूर करतात ती डब्यातली छोटी स्पायडर गिअर्स. इंजिनाकडून आलेल्या लांब शाफ्टच्या टोकाला पिनियन असते. ते मोठ्या क्राउन चक्राला फिरवते आणि त्याच्या पोटातली स्पायडर गिअर्स ती गती दोन चाकांत गरजेप्रमाणे वाटून देतात.

मिस्त्रींच्या प्रश्नांचा अर्थ आता उलगडू लागला. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर दोष टायरचा. ॲक्सिलरेटर दाबा वा सोडा, आवाज तसाच राहिला तर चाकाचे बेअरिंग. फक्त वळणावर आला तर स्पायडर गिअर्स. सरळ रस्त्यावर पाय दाबताच घुमू लागला आणि सोडताच मंदावला, तर क्राउन-पिनियन. आपल्या अभ्यासक्रमात स्वनिमाची चाचणी अशीच असते: बाकी सारे स्थिर ठेवायचे, एकच घटक बदलायचा आणि फरक पडतो का ते पाहायचे. 'जरा' हा शब्द पाहा. तालव्य ज उच्चारला तर अर्थ म्हातारपण, दंततालव्य उच्चारला तर थोडेसे. लिपीत दोन्ही एकच. भाषेत महत्त्व भेदांना असते, हा सोस्यूरचा विचार त्याच्या मृत्यूनंतर 1916 साली पुस्तकरूपाने आला. तो मी कितीदा शिकवला असेन! पण भेद ऐकणारा कान माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसला होता, आणि वळण संपून मी पाय दाबला नेमक्या त्याच क्षणी बोलला होता.

दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढून, लांब शाफ्ट सोडवून मिस्त्रींनी अख्खा गाभा खाली उतरवला. त्याआधी डब्यातले तेल काढून उन्हात धरले. त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक होती. ते दात्यांचे पोलाद. तेलही निम्मेच उरलेले. पिनियनचे सील गळत होते आणि घरच्या पोर्चमधला काळा डाग मी कित्येक महिने पाहून न पाहिल्यासारखे केले होते. मी दाते मोजले: पिनियनला 9, क्राउनला 41. या दोन संख्यांना 1 खेरीज दुसऱ्या कोणत्याही एकाच संख्येने भाग जात नाही. म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि पिनियनचे 41 फेरे झाल्यावरच पहिली जोडी पुन्हा जुळते. झीज सारखी वाटली जावी म्हणून केलेली ही योजना. परंतु पिनियनच्या एका दात्याची कड उडाली होती, आणि तिचा ओरखडा क्राउनच्या सगळ्या दात्यांवर उमटला होता.

नवी जोडी कोलकात्याहून मागवावी लागली. पिनियन आणि क्राउन एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, दोघांवर एकच जुळणी क्रमांक असतो. एक इथले, एक तिथले असे चालत नाही. बसवताना मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालवून काही दात्यांना लावला, क्राउन हाताने फिरवले आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते पाहिले. ठसा दात्याच्या टोकाकडे सरकला होता. गाभा पुन्हा उघडला, कागदासारखी पातळ शिम काढून दुसरी घातली, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. हे चार वेळा झाले. पाचव्यांदा ठसा मधोमध आला तेव्हा त्यांनी डायल गेजने दात्यांमधली मोकळीक मोजली आणि मान हलवली. मी विचारले, "आता रडणार नाही ना?"

"नाही रडत. पण पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलाले घेऊन या. पहिल्या तेलात थोडी चमक येतेच, तिले भ्यायचं नाही."

बदलाले, तिले. ही रूपे मी वहीत टिपून घेतली नाहीत. गाडी बाहेर काढली, मिस्त्रींच्या पोराला चालवायला दिली आणि मागे जाऊन बसलो.