पाचव्या दिवसाचे पाय

नागपूर विद्यापीठाच्या मुलींच्या संघातून मी दोनदा पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धा खेळले. दोन्ही वेळा मुक्काम कॉलेजच्या वर्गात. बाकं भिंतीकडे सरकवायची, सतरंज्या अंथरायच्या, रात्री नळाखाली जर्सी धुऊन खिडकीच्या गजाला अडकवायची आणि सकाळी ती ओलसरच अंगात चढवायची. रोज एक मॅच. हरलात की संध्याकाळच्या गाडीने घरी. दुसऱ्या वर्षी आम्ही चौथ्या दिवसापर्यंत टिकलो आणि चौथ्या दिवशी मी पाच फ्री थ्रो घालवले. पाचही रिंगच्या पुढच्या कडेला आपटले. सर रागावले नाहीत. "हात ठीक आहेत गं तुझे," म्हणाले, "पाय संपलेत."

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या राली शहराजवळ इतकी वर्षं खेळाडूंचे घोटे-गुडघे हाताळल्यावर सरांचं ते वाक्य शास्त्राच्या भाषेत मांडता येतं. फ्री थ्रोची ताकद पिंढरीतून आणि मांडीतून वर येते. पाय थकले की बॉल बोटाएवढा आखूड पडतो, आणि बोटभर फरक म्हणजेच रिंगची पुढची कडा. मार्च २०२४ मध्ये याच शास्त्राच्या जोरावर मी छातीठोकपणे एक भाकीत केलं आणि तोंडावर आपटले. त्याची ही हकिगत.

इथल्या कॉलेज बास्केटबॉलची रचना आधी सांगायला हवी. कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आमच्या भागातली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी. संघ हिवाळाभर आपापसात साखळी सामने खेळतात आणि मार्चमध्ये बाद पद्धतीची कॉन्फरन्स स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेचं दार आपोआप उघडतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ जागांपैकी ३२ जागा अशा विजेत्यांच्या होत्या, उरलेल्या ३६ निवड समितीच्या मर्जीतल्या. हिवाळा चांगला गेलेल्या संघाला कॉन्फरन्स स्पर्धेत हरणं परवडतं. वाईट गेलेल्याला तेवढी एकच खिडकी उरते.

आमच्या गावच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा, म्हणजे वुल्फपॅकचा, हिवाळा वाईट गेला होता. १७ विजय, १४ पराभव, शेवटच्या चारही मॅच हरलेल्या. पंधरा संघांत क्रमांक दहावा. स्पर्धेचा तक्ता असा की पहिल्या चौघांना थेट गुरुवारी उतरायचं, पाच ते नऊ क्रमांकांना बुधवारी आणि तळातल्या सहांना मंगळवारपासून. म्हणजे आमच्या पोरांना विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच मॅच, आणि शनिवारी समोर पहिल्या चौघांपैकी कुणी आलं तर त्याची तिसरीच. एसीसीत हे कुणीही कधी केलेलं नव्हतं. बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये कनेटिकटने २०११ साली केलं होतं, पण त्यांच्याकडे केंबा वॉकरसारखा खेळाडू होता.

माझ्याकडे तेव्हा एक सत्तरीतले पेशंट येत. गुडघा बदललेला, कॉलेज हेच, आणि अंगात लाल टीशर्ट बारा महिने. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणते. मंगळवारी दुपारी त्यांचा गुडघा वाकवताना कोपऱ्यातल्या टीव्हीवर लुइव्हिलविरुद्धची मॅच चालू होती. ९४–८५ जिंकलो. "गुरुवारी संपेल," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी पाय जातात." आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपल्याकडे एखाद्या वारकऱ्याने पावसाचा अंदाज सांगणाऱ्याकडे पाहावं.

माझं शास्त्र चुकीचं नव्हतं. चाळीस मिनिटांच्या कडक मॅचमध्ये स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा बराच उतरतो. भात, बटाटा, पास्ता कितीही खाल्ला तरी तो नीट भरायला साधारण दिवस लागतो. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. झोपेचं तर विचारूच नका. रात्रीची मॅच संपली तरी अंगातलं उधाण उतरायला दोन-तीन तास जातात. बर्फाच्या पाण्यात बसा, पायांना हवेचे पट्टे बांधा, हे सगळं मीही करवून घेते, पण त्याने भरपाई पूर्ण होत नाही. शिवाय या संघातला मोहम्मद दियारा हा फ्रान्सहून आलेला उंच पोरगा रोजे पाळत होता. रमजान स्पर्धेच्या आदल्याच दिवशी, ११ मार्चला, सुरू झाला होता. स्पर्धा वॉशिंग्टनला होती आणि तिथे त्या सुमारास सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. माझ्या हातात असता तर मी त्याला मंगळवारच्या दुपारच्या मॅचला बसवून ठेवलं असतं. बरं झालं, नव्हता.

बुधवारी सिरॅक्यूज, ८३–६५. गुरुवारी दुसऱ्या मानांकनाचा ड्यूक, ७४–६९. रात्री दहाच्या आत आजोबांचा मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, फक्त वॉशिंग्टनच्या दोन तिकिटांचा फोटो होता.

इथल्या लोकांचं हे वेड बाहेरच्याला चटकन कळत नाही. ड्यूक, चॅपल हिल आणि आमचं स्टेट ही तीन कॉलेजं अर्ध्या-पाऊण तासाच्या परिसरात. एकाच ऑफिसात, एकाच घरात तीन रंग. स्पर्धेच्या शुक्रवारी शाळांतल्या बाई वर्गात टीव्हीचा गाडा ढकलत आणत आणि गणिताचा तास मॅचला देत, असं इथली पन्नाशीतली कुणीही व्यक्ती डोळे चमकवत सांगेल. मुळात कॉन्फरन्स स्पर्धेला असं उत्सवी रूप देण्यात आमच्याच कॉलेजच्या एव्हरेट केस या प्रशिक्षकाचा मोठा वाटा. १९४६ साली ते इंडियानाहून आले आणि तिथली एक चाल सोबत घेऊन आले: जिंकल्यावर शिडी लावून रिंगची जाळी कात्रीने कापून घ्यायची. एसीसीची पहिली स्पर्धा १९५४ ला रालीतच रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये भरली आणि पहिल्या तिन्ही केसच्या संघाने जिंकल्या.

तेव्हा एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाई. १९७४ च्या ग्रीन्सबरोतल्या फायनलला आजोबा विद्यार्थी म्हणून हजर होते. डेव्हिड थॉम्पसन खेळत होता त्या स्टेटने मेरिलंडला जादा वेळेत १०३–१०० हरवलं. मेरिलंड देशातल्या उत्तम संघांपैकी एक होता आणि तरी घरी बसला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घ्यायला सुरुवात झाली. त्या नियमामुळे न्याय वाढला हे खरं. पण त्याबरोबर या स्पर्धेचा जीव थोडा कमी झाला, असं आजोबांचं मत आणि आता माझंही. बड्या संघांना इथला पराभव आज फारसा लागत नाही. तो लागतो तो दहाव्या क्रमांकावरच्यांना.

शुक्रवारी सकाळी निघालो. रालीहून वॉशिंग्टन साडेचार तास, आम्हाला सहा लागले, कारण दर तासाभराने मी आजोबांना उतरवून चालवत होते. सेमी फायनल व्हर्जिनियाशी होती. कॅपिटल वन अरेनात आमच्या जागा इतक्या वर की खेळाडूंचे चेहरे दिसेनात. पण माझं काम चेहऱ्यांवर नाही, पायांवर चालतं. पाय मला दिसत होते.

डी. जे. बर्न्सचे पाय विशेष. उंची सहा फूट नऊ इंच, वजन २७५ पौंड, म्हणजे सव्वाशे किलो. डावखुरा. तो रिंगकडे पाठ करून बॉल घेतो, समोरच्या पोराला पाठीने रेटत रेटत आत नेतो आणि मग एवढं धूड टाचेवर गर्रकन फिरतं आणि डाव्या हाताने बॉल हळूच, देवाला फूल वाहावं तसा, वर सोडतं. माझं गणित कुठे चुकलं ते मला त्या रात्री दिसलं. मी धावण्याचा थकवा मोजला होता, आणि या संघाचा खेळ ज्याच्याभोवती फिरत होता तो गडी फारसा धावतच नव्हता. तो सावकाश कोर्टभर येई, जागा धरून उभा राही आणि त्याला अडवणारे दमत. दोघे अंगावर आले की बॉल बाहेर मोकळ्या असलेल्या डी. जे. हॉर्नकडे. हॉर्न रालीचाच पोरगा, ॲरिझोना स्टेटहून परतलेला. दुसरी गोष्ट वयाची. संघातले बहुतेक प्रमुख खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आलेले, चार-पाच वर्षं खेळून मुरलेले. बर्न्स विनथ्रॉपहून, मायकेल ओ'कॉनेल स्टॅनफर्डहून, केसी मोर्सेल तर व्हर्जिनियाहूनच. विशीच्या आतल्या पोराला ताकद असते, पण विश्रांती घेता येत नाही. ती कला आहे आणि ती उशिरा येते. हे मी पेशंटांना रोज सांगते. भाकीत करताना विसरले.

तरीही त्या रात्री आम्ही हरलेलोच होतो. शेवटची पाच सेकंदं, व्हर्जिनिया तीन पॉइंटनी पुढे आणि फ्री थ्रो त्यांचा. इथे मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अजून एक जुना नियम जिवंत आहे, जो आपल्याकडच्या खेळाडूंना विचित्र वाटेल. प्रतिस्पर्ध्याचे सात फाउल झाले की दोन फ्री थ्रो सरळ मिळत नाहीत. पहिला गेला तरच दुसरा. पहिला चुकला की बॉल खेळात. व्हर्जिनियाचा तो पोरगा उत्तम नेमबाज. नाव कुणालाही शोधून मिळेल, मी लिहीत नाही. माझे पाच मला अजून आठवतात. त्याने एक जरी घातला असता तर विषय संपला होता. तो चुकला.

बॉल ओ'कॉनेलकडे आला. तो धावला आणि तीन पॉइंटच्या रेषेमागून, धावत्या अंगाने त्याने तो फेकला. बॉल बोर्डावर आदळला, रिंगवर आला, तिथे थबकला आणि आत पडला. ५८–५८. शेजारी आजोबा उभे होते, दोन्ही पायांवर, काठीशिवाय. "बसा, गुडघा," मी ओरडले. मराठीत.

जादा वेळेची पाच मिनिटं म्हणजे खरं तर थकलेल्या संघाला शिक्षा. आम्ही ती १५–७ ने घेतली. ७३–६५. विश्रांती जास्त मिळालेला संघ कोसळला आणि चौथ्या दिवसाचे पाय घेऊन उतरलेला सावरला. याचं शास्त्रीय स्पष्टीकरण मला द्यावंसं वाटतं, पण ते ओढूनताणून होईल. एका फेकीचं दैव होतं ते, आणि त्या फेकीने पोरांच्या अंगात जे आलं त्याला आमच्या पुस्तकात नाव नाही.

फायनल पहिल्या मानांकनाच्या चॅपल हिलशी, शेजाऱ्याशीच. मी मुद्दाम फ्री थ्रो आणि लांबचे फटके कुठे पडतात ते पाहत बसले. पाचव्या रात्री आमचे बॉल पुढच्या कडेला लागायला हवे होते. लागत नव्हते. हॉर्नने २९ पॉइंट केले. बर्न्सने २०, पण मला त्याहून मोठे वाटतात ते त्याचे सात असिस्ट. एवढ्या थोराड गड्याने सात वेळा दुसऱ्याच्या हातात आयता बास्केट ठेवावा हे क्वचित दिसतं. इफ्तारनंतर उतरलेला दियारा रिबाउंडमागून रिबाउंड ओढत होता. ८४–७६. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू बर्न्स. स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम व्हॅल्व्हानो यांच्या संघाने १९८७ साली ही स्पर्धा जिंकली होती, तीही वॉशिंग्टनच्याच कुशीतल्या लँडओव्हरला. त्यानंतर सदतीस वर्षांनी पुन्हा शिडी आली, कात्री आली, जाळी कापली गेली. ती जाळी म्हणजे सुताचा तुकडा. आमच्या आंतरविद्यापीठच्या रिंगला तर जाळीच नसायची.

पुढचं देशाने पाहिलं. राष्ट्रीय स्पर्धेत अकराव्या मानांकनावरून टेक्सस टेक, ओकलंड, मार्केट आणि पुन्हा ड्यूक असे चार संघ हरवून पोरं शेवटच्या चारांत पोचली. ओळीने नऊ मॅच, एक हरली असती तरी हंगाम संपला असता अशा. ६ एप्रिलला परड्यूने ६३–५० हरवलं. त्याच संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. नाट्यगीतं चालू असताना पुरुष मंडळी मोबाइल मांडीवर धरून माना डोलावत होती, चुकीच्या जागी. त्याच वर्षी स्टेटच्या मुलींचा संघही शेवटच्या चारांत होता. त्यांच्या मॅचला मात्र मोबाइल कमी होते, हे नोंदवून ठेवते.

त्या स्पर्धेनंतर मी कुणाच्या पायांवरून भाकीत करत नाही. आजोबांचा गुडघा उत्तम आहे.

२०२५ ची एसीसी स्पर्धा शार्लटला होती, घरापासून अडीच तासांवर. आम्ही दोघांनी तिकिटं डिसेंबरातच काढून ठेवली होती. दरम्यान स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉलेजं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये येऊन बसली होती, टेक्ससचं एसएमयूही आलं होतं आणि संघ अठरा झाले होते. स्पर्धेत प्रवेश पंधरांनाच. आमचा संघ त्या पंधरांत नव्हता. प्रशिक्षक केविन कीट्स यांना साखळी संपताच काढलं गेलं. तिकिटं आजोबांनी चॅपल हिलच्या एका माणसाला विकली, आणि त्याच्याकडून पैसे चढे घेतले.