निफाडची थंडी आणि आक्काचा हलवा

थंडीचे दिवस आहेत. तुमच्या घरात या घडीला एक तरी माणूस शिंकत असेल, एक तरी नाक वाहत असेल आणि ओव्याची पोटली तव्यावर शेकली जात असेल, असे मी धरून चालतो. आमच्याकडेही तेच चालू आहे. पण थंडी म्हणजे काय ते ज्याला पाहायचे असेल त्याने आमच्या आक्काच्या गावी जावे. आक्काला निफाड तालुक्यात गोदाकाठी दिली आहे. आम्ही कोपरगाव तालुक्यातले. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्याचे पाणी आमच्या शिवारात येते, म्हणजे आक्काच्या दारावरून आलेले पाणी आम्ही पितो. म्हणून दरवर्षी संक्रांतीच्या आधी तिच्याकडे चार दिवस जायचे, हा माझा नेम आहे.

आज सांगतो ती गोष्ट डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यातली.

कोपरगावहून एसटीने निघालो की आधी येवला लागते. पैठणीचे येवले तुम्हांला ठाऊकच आहे, पण पौष जवळ आला की येवल्याला पतंगाचे वेड लागते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावातली माणसे जमिनीवर राहतच नाहीत, सगळी गच्चीवर! दोरा गुंडाळायला तिकडे साधी फिरकी चालत नाही. लाकडाची मोठी आसारी लागते. ती दोन्ही हातांत धरून अशी काही फिरवतात की दोरा सरसर आत येतो. खाली हलकडी वाजत असते. मी भाच्याच्या मुलासाठी एक लहान आसारी घेतली आणि साधा सुती दोरा घेतला. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली, तरी चोरून विकणारे विकतात. त्याने पाखरांचे पंख कापतात आणि मोटारसायकलवाल्यांचे गळे कापतात. पोरांना तो घेऊन देऊ नका, एवढे माझे ऐका.

येवल्याहून विंचूर, विंचूरहून निफाड. विंचूरला उजव्या हाताला लासलगावचा रस्ता फुटतो, कांद्याच्या बाजाराचा. त्या वर्षी त्या रस्त्याकडे बघवत नव्हते. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा रुपया-दीड रुपया किलोने जात होता. त्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते रागाने पंतप्रधानांना मनीऑर्डर करून पाठवले, हे तुम्ही वाचले असेल. दाजींच्या चाळीतला कांदाही तसाच गेला होता. तेव्हा घरची सगळी भिस्त होती ती दीड एकर द्राक्षबागेवर.

आणि नेमकी तेव्हाच थंडी आली.

निफाडला एवढी थंडी का पडते, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या खोऱ्यातला हा सपाट, मोकळा मुलूख. उत्तरेकडे बर्फ पडले की तिकडची कोरडी हवा इकडे वाहत येते. आभाळ निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. थंड हवा जड असते, ती सखल जागी जाऊन बसते. पाण्यासारखेच आहे ते, उताराला धावते. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचे जुने संशोधन केंद्र आहे. तुम्ही पेरता तो 'त्र्यंबक' किंवा 'तपोवन' गहू तिथलाच. तिथल्या तापमापकाचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. त्या आठवड्यात तो आकडा दोन अंशांच्याही खाली गेला. पहाटे पानांवरचे दव गोठून पांढरे झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. हात लावला तर कुरकुरीत!

गव्हाला ही थंडी अमृतासारखी. हरभऱ्यालाही चालते. पण द्राक्षाचे तसे नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत तेव्हा मणी फुगत असतात. पारा असा खाली गेला की मण्यांची वाढ थांबते. पाणी उतरत आलेल्या बागेत मणी तडकतात. तडकलेला मणी एक असला तरी सगळा घड कुजवतो. आक्काच्या घरी पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर उसाच्या पाचटाचे भारे मोजत बसले होते. मला म्हणाले, "या पाव्हणं. चहा घ्या नि झोपून घ्या. रात्री दोनला उठायचंय."

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा बाग शेकायला गेलो. विजेची पाळी रात्रीचीच होती, ते बरेच झाले. विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ते बागेला सोडायचे. आणि बांधाच्या कडेने, वाऱ्याच्या बाजूला, ओलसर पाचट, काटक्या, भुसा यांच्या शेकोट्या लावायच्या. जाळ नको, धूर हवा. धूर बागेवर पांघरुणासारखा पसरून राहिला पाहिजे. लांबून बघितले तर साऱ्या शिवारात ठिकठिकाणी लाल ठिपके दिसत होते. कोणी बोलत नव्हते. मधूनच एखादा खोकला ऐकू यायचा. दाजी दर अर्ध्या तासाने खालच्या कोपऱ्यात जाऊन घडाला हात लावून येत आणि काही न बोलता पुन्हा शेकोटीशी बसत.

आता घरातले सांगतो. आक्काच्या धाकट्या मुलाचे लग्न त्याच साली उन्हाळ्यात झाले होते. म्हणजे सुनेची पहिली संक्रांत! काळे लुगडे घेऊन ठेवले होते, सुगडी कुंभाराला सांगून झाली होती, आणि हलव्याचे दागिने घरीच करायचे, असे आक्काने ठरवले होते. विकतचे मिळतात, नाही असे नाही. पण आक्का म्हणते, विकतच्या हलव्याला काटा असतो पण हात नसतो.

तुमच्यापैकी ज्यांनी घरी हलवा केला आहे त्यांना हे काम किती चिकाटीचे ते माहीत आहे. निवडलेले तीळ परातीत घ्यायचे, परात मंद कोळशावर ठेवायची. साखरेचा पातळ एकतारी पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. पाक तिळावर चढतो, सुकतो, की पुन्हा चमचाभर. आच वाढली की साखर पिवळी पडते. हात थांबला की तीळ चिकटून ढेकूळ होते. घाई केली तर हलवा गुळगुळीत राहतो. असे दोन-दोन, तीन-तीन दिवस करावे तेव्हा कुठे त्याला काटा येतो. आणि काटा चांगला यायला हवा लागते कोरडी आणि थंड. म्हणून आक्का पहाटे चारला बसते. म्हणजे बघा, ज्या थंडीने दाजींची झोप उडाली होती, तीच थंडी आक्काला हवी होती.

पण आक्काला झाले पडसे. शिंक आली की परातीवरून तोंड फिरवायचे, उठायचे, हात धुवायचे, पुन्हा बसायचे. शेवटी सुनेने परात आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही नुसतं सांगा. मी करते." पाचव्या मिनिटाला आक्का सांगायची थांबली. पोरीच्या बोटांना ते बरोबर कळले होते.

पडसे घरभर होते. दाजींच्या आई ऐंशीच्या पुढच्या, त्या खोकत होत्या. थोरल्याचा सहा वर्षांचा मुलगा, त्याचे नाक चोंदलेले. तो पणजीच्याच कुशीत झोपायचा. त्यांच्या खोलीत गार लागू नये म्हणून आजींनी खिडकीच्या फटीत पोते कोंबले होते, दाराच्या खाली गोधडी सारली होती, आणि खाटेशेजारी कोळशाची शेगडी ठेवून घेतली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते. मीही पाहिले होते. त्यात काही वावगे आहे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

दुसऱ्या पहाटे पुरुष माणसे सगळी बागेत. हलव्यासाठी फुललेले कोळसे हवेत म्हणून सून चिमटा आणि घमेले घेऊन आजींच्या खोलीत गेली. दार उघडले तर आजी जाग्या होत्या, पण बोलताना शब्द जड येत होते. पोराला हाक मारली तर ते उठेना. हलवले तर डोळे उघडून पुन्हा मिटले. पोरीने शेगडी तशीच उचलून अंगणात नेली, खिडकीतले पोते ओढून काढले, दार सताड उघडले आणि पोराला उचलून बाहेर ओट्यावर आणले. मग आरडाओरडा केला. आम्ही बागेतून धावत आलो तेव्हा पोर गार हवेत ओकत होते आणि रडत होते. ते रडणे ऐकून आक्का मटकन खाली बसली.

जीप काढून दोघांना निफाडला दवाखान्यात नेले. प्राणवायू लावला. दुपारपर्यंत पोर आसारी मागायला लागले. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते तुम्हांलाही सांगतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटते की फुललेला निखारा निर्धोक. उलट आहे. मोकळ्यावर तो वायू निघून जातो, बंद खोलीत साठतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि आपल्याला वाटते की पडशानेच होत असेल. तेव्हा शेगडी असो, घमेल्यातला जाळ असो, झोपायच्या खोलीत ठेवू नका. अंग शेकायचे ते अंगणात, आणि आत यायचे ते घोंगडी पांघरून.

पडशाबद्दलही त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. नुसत्या गारठ्याने पडसे होत नाही, ते विषाणूंनी होते. थंडीत आपण दारे लावून एकत्र बसतो, म्हणून एकाचे दुसऱ्याला लागते. सर्दीवर अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा उपयोग नाही, त्या मागून घेऊ नका. गवती चहा, आले, हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या खुशाल चालू द्या, घशाला बरे वाटते. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, आणि लहान पोराला उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नये, भाजण्याचा धोका असतो. आजींचा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला होता, म्हणून त्यांची थुंकी तपासली. क्षय नाही निघाला. आक्काने तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

पुढच्या दिवशी जरा उसंत मिळाली तेव्हा दाजी मला बंधाऱ्यावर घेऊन गेले. थंडीत निफाडला गेलात तर नांदूर मधमेश्वर बघितल्याशिवाय येऊ नका. शंभर वर्षांहून जुना बंधारा, गाळाने उथळ झालेले पाणी, पाणवनस्पती, आणि त्यात हजारो पाखरे. चापडगावच्या बाजूला मनोरा आहे, त्यावरून सगळे दिसते. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, ही मंडळी हिमालय ओलांडून इकडे उबेला येतात. ज्या थंडीने आपले दात वाजतात ती त्यांची ऊब! पुढे जानेवारी २०२० मध्ये या जागेला रामसर पाणथळीचा मान मिळाला, महाराष्ट्रात पहिला. दाजींना तेव्हा पाखरांचे कौतुक नव्हते. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "आज वारं सुटलंय. वारं असलं की गोठत नाही. आज रात्री निजू बहुतेक."

खालच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी गेल्या. थंड हवा सखल जागी बसते म्हणालो ना, तसेच झाले. बाकीची बाग राहिली. भाव फार मिळाला नाही, पण सोसायटीचा हप्ता भागला.

संक्रांतीला मी गेलो नव्हतो, फोटो पाहिले. काळ्या लुगड्यावर हलव्याचा हार, बाजूबंद, मंगळसूत्र, सगळे पांढरेशुभ्र आणि काटेरी. भोगीला वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे घालून भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली होती. फोनवर आक्का सांगत होती, "अरे, हळदीकुंकवाला आलेल्या बाया हार हातात घेऊन बघत होत्या. विचारलं कोणी केला, तर मी सुनेकडं बोट दाखवलं."

"आणि आजी?"

"बऱ्या आहेत. पण रोज रात्री म्हणतात, पोरी, तेवढं पोतं तरी लाव गं खिडकीला. ही ऐकत नाही. दोन गोधड्या जास्त घालते आणि खिडकी उघडी ठेवून स्वतः त्यांच्या खोलीत निजते."