बाणाची खूण

लालबागच्या चाळीतली खोली गेल्या वर्षी रिकामी करायची वेळ आली. चाळ पाडून टॉवर होणार, तोवर भाड्याच्या जागेत राहायचं. चुलत बहीण आक्का आता पंच्याहत्तरीची. तिनं मला गावाहून बोलावून घेतलं. म्हणाली, "पोटमाळ्यावरचं तूच उतरव." मीच का, ते मला ठाऊक होतं.

वर पोत्यात बांधलेली एक खुर्ची होती. नानांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. दहावीनंतर गिरणीत लागायच्या आशेनं मी दोन वर्षं त्या खोलीत काढली, पण नाना तिच्यात बसलेले एकदाही बघितले नाहीत. गावाकडं तिला 'चोरीची खुर्ची' म्हणायचे, आणि हे नाव पाडलं माझ्या वडलांनी.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र! शेकडो माणसं मेली, सोन्याच्या विटा उडून लांब वस्तीत पडल्या. नाना तेव्हा नुकतेच गिरणीत चिकटलेले. पुढं जमिनीच्या वाटणीत भांडण पेटलं, तेव्हा आबा चारचौघांत बोलून गेले, "गोदी जळत हुती तवा ह्यो लष्कराची खुर्ची पळवत हुता." नाना म्हणाले, "इकत घेतलीय." पावती कुठं होती? मग ते गप्पच बसले, ते शेवटपर्यंत.

पोतं सोडलं. चार कातीव सागवानी पाय, चार आडव्या दांड्या, चामड्याचे पट्टे, कुजलेलं किंतान. पायांच्या सांध्यांना एक खिळा नाही. दांड्यांची टोकं निमुळती, भोकात नुसती सारायची. एका पायावर तीन रेघांचा बाण कोरलेला, शेजारी इंग्रजी आय.

"सरकारी शिक्का हाय की रं," आक्का म्हणाली आणि तिचं तोंड उतरलं.

तो पाय पिशवीत घालून मी आणि भाचा चोरबाजारात मटन स्ट्रीटला गेलो. चोरीचा माल ओळखायला चोरबाजारच गाठावा लागला, ह्याचं मला वाटेत हसू आलं. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं पाय हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, ही रुरकी खुर्ची. रुरकीला फौजेच्या इंजिनिअरांची छावणी, त्यावरून नाव. गुंडाळी करून खेचरावर टाकायची आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा जोडायची. सांधे सैल, म्हणून जमीन कशीही असो, चारही पाय टेकतात. बाण म्हणजे सरकारी माल, आय म्हणजे हिंदुस्थानचा.

मग त्यानं फडक्यावर तेल घेऊन तो पाय घासला. बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण दिसू लागला, उलटा.

"ये चोरी का नहीं चाचा, बेचा हुआ माल है."

इंग्रजांच्या लष्करात माल विकून टाकला की असा दुसरा बाण मारत. लढाई संपल्यावर लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला होता, त्यातलीच ही. नानांची पावती लाकडावरच होती, आणि इतकी वर्षं कुणी मळ पुसून बघितला नव्हता. मीही नाही.

दुकानदारानं किंमत बोलली, ती माझ्या दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाएवढी होती. भाचा माझ्याकडं बघायला लागला. मी पाय पिशवीत घातला.

आक्काला सांगितलं, तर ती रडली नाही. पोत्याच्या गाठी पुन्हा मारत बसली. नव्या जागेत ठेवणार का विचारलं, तर म्हणाली, "न्हाई. गावाकडं ने. सोप्यात आबांच्या फोटोखाली ठेव."

परळच्या स्टँडवर कंडक्टरनं बोचक्यात काय आहे विचारलं. मी म्हणालो, "चुलत्याची खुर्ची." त्यानं सामानाचं तिकीट फाडलं, ते मी जपून ठेवलंय.

गावच्या शिंप्याकडून जाड किंतान शिवून घेतलं. आमचा सोपा शेणानं सारवलेला, उंचसखल, पण खुर्ची डुगडुगत नाही. भावकीतलं कुणी आलं की मी तिचा मागचा डावा पाय उजेडाकडं वळवतो.