कोबे नगरीतील कचऱ्याचा विवेक

जपानमधील कोबे बंदराच्या मागे रोक्को पर्वताची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशी कितानो ही जुनी वस्ती आहे. व्यापारानिमित्त येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी १९८५ साली भगवान महावीरस्वामींचे मंदिर याच वस्तीत उभारले. येथे नव्याने राहावयास येणाऱ्या परदेशी गृहिणीला जपानी भाषेच्या आधी एक वेगळाच धडा गिरवावा लागतो, तो म्हणजे कचऱ्याचे वेळापत्रक.

कोबेत जाळावयाचा कचरा आठवड्यातून दोनदा उचलला जातो. डबे, काचेच्या व पाण्याच्या बाटल्या यांचा वार वेगळा, वेष्टनाच्या प्लास्टिकचा वार वेगळा. प्रत्येकासाठी महापालिकेने ठरवून दिलेली पारदर्शक पिशवी वापरावी लागते. पिशवी आदल्या रात्री ठेवावयाची नसते. सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी न्यावयाची असते. कावळ्यांनी ती फोडू नये म्हणून वर जाळे पसरतात. बाटली धुऊन, तिचे झाकण काढूनच टाकावयाची. दुधाचे खोके धुऊन, उलगडून, वाळवून दुकानातील पेटीत नेऊन टाकतात.

नियम चुकला तर पिशवी उचललीच जात नाही. कारण सांगणारी चिठ्ठी चिकटवून ती तेथेच ठेवली जाते. कोणी भांडत नाही, परंतु साऱ्या गल्लीला ती दिसते. कचऱ्याच्या जागेची निगा शेजाऱ्यांनीच राखावयाची असल्याने एकाच्या आळसाचा भार दुसऱ्यावर पडतो. दंडापेक्षा ही लाज अधिक परिणामकारक ठरते.

ही शिस्त जपानी रक्तातच आहे, असे मानण्याचे कारण नाही. १९७१ साली तोक्योचे राज्यपाल मिनोबे यांना 'कचरायुद्ध' पुकारावे लागले होते. शहरभरचा कचरा आपल्याच भागात का, असा कोतो विभागाचा सवाल होता, तर सुगिनामी विभागात कचरा जाळण्याच्या केंद्रास रहिवाशांचा विरोध होता. त्या संघर्षातून आपल्या कचऱ्याची जबाबदारी आपली, हा विचार रुजत गेला. पुढे कायदे आले. २००१ पासून दूरदर्शन संच, शीतकपाट, धुलाईयंत्र व वातानुकूलक टाकताना पुनर्वापराचा खर्च टाकणाऱ्यालाच द्यावा लागतो. वस्तूची किंमत खरेदीच्या पावतीवर संपत नाही, हे व्यापारी मनाला सहज पटावे.

संस्कारांचा वाटाही मोठा आहे. शाळेत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. घरात पादत्राणे उंबऱ्याशीच राहतात. वर्षाअखेर घराची मोठी साफसफाई होते. शिकोकू बेटावरील कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प सोडला. तेथे कचरागाडीच येत नाही. रहिवासी चाळीसहून अधिक प्रकारांत वर्गवारी करून कचरा स्वतः केंद्रावर नेतात.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. एकेका बिस्किटाला स्वतंत्र वेष्टन घालणारा हाच देश आहे, आणि त्याचा बहुतांश घरगुती कचरा अखेर भट्टीतच जातो. टाकण्याचा विवेक आला, तरी घेण्याचा संयम आलाच असे नाही.

येथेच जैन वाचकाला आपला वारसा आठवतो. साधुसाध्वींच्या पाच समित्यांपैकी पाचवी परिष्ठापनिका समिती. टाकाऊ द्रव्य जीवजंतुरहित जागा पाहून, जयणेने परठवावे, असे ती सांगते. जपानी माणूस शेजाऱ्याला त्रास नको म्हणून जपतो. आपल्या शास्त्राने ती काळजी सूक्ष्म जीवापर्यंत नेली, आणि अपरिग्रहाने मुळात साठाच कमी करण्यास शिकविले. असे असता, स्वामीवात्सल्याच्या पंगतीनंतर उष्टे अन्न व प्लास्टिकचे पेले एकाच गोणीत भरून कोठे जातात, हे प्रत्येक संघाने एकदा तरी जाऊन पाहावयास हवे. श्रावकाला साधूंचे महाव्रत झेपणार नाही. दोन वेगळ्या गोण्या ठेवणे मात्र खचित झेपेल.