तांबोशीची जागा

आमच्या घरात तांबोशी कधी विकत आणली गेली नाही. शास्त्री नदी जयगडजवळ समुद्राला मिळते, त्या मुखापासून थोड्या बाहेर अब्बांच्या दोन-तीन जागा होत्या. असरनंतर ते एकटेच होडी घेऊन निघायचे आणि ईशाच्या सुमारास परतायचे. हातात कधी एक मासा, कधी दोन, पुष्कळदा काहीच नाही. आम्ही दोघे भाऊ मुंब्र्याला नोकरीला लागलो. सुट्टीत घरी आलो की ताटात तांबोशीचं कालवण असायचं, आणि माशाच्या गालाचा तुकडा अब्बा स्वतः काढून अम्मीच्या ताटात ठेवायचे. हा मासा कुठून येतो, हे आम्ही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कळतं सगळं, बोलता काही येत नाही. हळूहळू जेवणावरचं मनही उडालं. अम्मीने बाजारातून मोठी तांबोशी आणवली, तर त्यांनी बोटाने कल्ला वर करून पाहिला आणि तोंड फिरवलं. बर्फातली होती. "तुम्ही दोघं जा बरं," अम्मी म्हणाली. "त्यांची पोरं ना तुम्ही?"

गेलो. पण कुठे जायचं? लहानपणी ऐकलेली एकच गोष्ट आठवत होती. दीपगृह एका विशिष्ट बुरुजाच्या कडेला आलं पाहिजे आणि पलीकडच्या तीरावरचे दोन माड एकामागे एक दिसले पाहिजेत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत आल्या की एक रेघ मिळते, दुसऱ्या दोन खुणांची दुसरी रेघ. त्या जिथे छेदतात तिथे होडी उभी करायची. पाण्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ही सोय केली. (कोणता बुरुज ते इथे लिहीत नाही. अब्बांना आवडणार नाही.) अडचण अशी की ते माड 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पडले. एक रेघ शिल्लक राहिली आणि तिच्यावर कुठेही थांबलं तरी चालेल असं दिसत होतं.

पहिल्या खेपेला खडपाच्या बरोबर डोक्यावर नांगर टाकला. सात गऱ्या दगडात अडकून तुटल्या, दोन शिंगाळे मिळाले. मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा जेटीवर बसून हसत होते. "अरे पोरांनो, तांबोशी घराच्या छपरावर बसत नाही, उंबऱ्यावर बसते." जागा मात्र त्यांनी सांगितली नाही. कोणी सांगतही नाही.

उंबरा म्हणजे जिथे खडप संपून वाळू सुरू होते ती कड. तांबोशी दगडाच्या कपारीत दबा धरून राहते आणि कुर्ली, कोळंबी, लहान बोय कडेवरून जाताना झडप घालते. चिखलात ती सहसा नसते, नुसत्या सपाट वाळूवरही नाही. पण चार-पाच वाव पाण्याखाली कड आहे की चिखल, हे वरून ओळखायचं कसं?

उत्तर अम्मीच्या तक्रारीत होतं. "साबणाच्या वड्या तुम्हीही न्यायला लागलात की काय? तुमचे अब्बा माझा साबण पळवायचे." आम्ही अब्बांची पेटी उघडली. गऱ्या, तंगुसाच्या गुंड्या आणि तळाशी एक शिशाचा गोळा. त्याच्या बुडाला खळगा आणि खळग्यात वाळलेला साबण. साबण ओला करून दाबून बसवायचा, दोरीने गोळा तळाशी टेकवायचा, वर ओढून पाहायचं. तळाला जे असेल ते साबणाला चिकटून येतं.

मग आम्ही मासे सोडून तळच पकडत बसलो. एका रविवारी त्या रेघेवर वीस-बावीस ठिकाणी गोळा सोडला आणि प्रत्येक वेळी साबण खरवडून कागदाच्या पुड्या बांधल्या. संध्याकाळी त्या अब्बांच्या मांडीवर ठेवल्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते उशीला टेकून ताठ बसले. डाव्या हाताच्या अंगठ्याने एकेक पुडी चोळून पाहू लागले. काळा चिखल, मान हलवली. बारीक वाळू, मान हलवली. आम्हाला वाटलं कंटाळतील. चौदाव्या पुडीत जाडी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा होता. ती त्यांनी मुठीत धरली आणि सोडेनात. धाकट्याने लगेच मोबाइलवर ती जागा कायमची नोंदवून टाकली.

दुसऱ्या महिन्यात तिथे दोन रात्री बसलो. एकही मासा लागला नाही. प्रवाह इतका की पावशेर शिसं लावूनही गरी तळाशी टिकेना, दोर तिरका होऊन होडीमागे तरंगायचा. घरी येऊन आम्ही अब्बांवरच चिडलो, हे लिहायला लाज वाटते. त्यांनी शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. आम्ही कॅलेंडर खाली काढून दिलं. इंग्रजी तारखांवरून बोट सरकवत त्यांनी कोपऱ्यातल्या चांदाच्या तारखेवर टेकवलं. आठ.

आम्ही शनिवार-रविवार बघून येत होतो, आणि ते दोन्ही शनिवार पौर्णिमेच्या आसपासचे होते. म्हणजे उधाण. तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी धावतं. चांदाच्या सात-आठ-नऊ तारखेला आणि पुन्हा बावीस-तेवीसच्या सुमारास भांग असते, पाणी मंद चढतं, मंद उतरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, असा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला सहा. आपली चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते, म्हणजे आठ तारखेला भरती पुरी व्हायला साधारण पावणेसात. पाणी थबकणार ते मगरिबच्या वेळेला, आणि अंधार पडू लागला की तांबोशी कपारीतून बाहेर पडते. अब्बा असरनंतरच का निघायचे ते तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत मधल्या वारी रजा काढली. या वेळी नांगर खडपावर नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला वाळूत टाकला आणि दोर सोडत कडेच्या अलीकडे थांबलो. आमिष म्हणून जिवंत कोळंबी, शेपटीपाशी टोचलेली. शिसं तंगुसावर मोकळं सरकेल असं लावलं, म्हणजे माशाला ओझं जाणवत नाही. डबा आपटायचा नाही, बॅटरी पाण्यावर मारायची नाही. लाइफ जॅकेट मात्र दोघांनी घातली होती. अब्बांनी आयुष्यात घातलं नाही, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नये.

पहिली टोच आली तेव्हा आम्ही वाट पाहिली. चूक. तांबोशी आमिष घेते तीच कपारीकडे तोंड करून, आणि पहिल्या दोन हातांच्या दोरात काय ते ठरतं. तंगूस दगडावर घासून तुटला. दुसऱ्या वेळी थोरल्याने दोर बोटात नाही, तळहाताला कापड गुंडाळून धरला होता. टोच आली तसा दोन्ही हातांनी ओढला आणि सैल सोडलाच नाही. साडेतीन किलो. होडीत आल्यावरही तिच्या पुढच्या सुळ्यांपासून बोटं सांभाळावी लागली. नंतर एक वीतभर लहान मिळाली, ती सोडली. ही पिल्लं खाडीत कांदळाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडपांकडे जातात. ती आजच खाल्ली तर त्या कडेवर पुढे कोण येणार?

रात्री अम्मीने कालवण केलं, तिरफळ घालून. डाव्या हाताने जेवायचं नाही म्हणून अब्बांना तीच भरवते. तिने पहिला घास उचलला, तर त्यांनी तिचा हात थांबवला. डाव्या हाताच्या बोटाने डोक्याचा तुकडा दाखवला, मग गाल, मग अम्मीचं ताट. आम्ही गालाचा तुकडा काढून तिथे ठेवला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "माझा साबण कुठे आहे?"